माडीवरचं तळं

निजामाच्या तालुकदारसाहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांची, बदली बिदरला झाली, तेव्हा त्यांनी धाराशिवच्या बंगल्यातलं जडशीळ सामान मर्जीतल्या माणसांना वाटून टाकलं. कुणाला डुलती खुर्ची मिळाली, कुणाला सांबराची शिंगं, कुणाला न चालणारं घड्याळ. परंड्याकडच्या गव्हाणवाडीचे सारावसुली बघणारे मालीपाटील हिंमतराव यांच्या पदरात मात्र तळं पडलं. तळंच म्हणायचं, दुसरा शब्द गावाजवळ नव्हता. लोखंडी चौकटीत बसवलेल्या जाड काचांची पेटी. माणूस आत आडवा झाला तर पाय आखडावे लागू नयेत एवढी लांब, कमरेइतकी उंच, तळाला शहाबादी फरशी. आणि बरोबर तांब्याच्या हंड्यात डुचमळत आलेले लाल-सोनेरी मासे.

पेटी बैलगाडीतून कडब्याच्या गादीवर निजून आली. हिंमतराव गाडीच्या पुढं पायी चालत होते, पालखीपुढं चालावं तसे. दारात त्यांची बायको धुरपदाबाई पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. पाहुणा आला की ओवाळून तुकडा टाकायचा, हे तिला ठाऊक. पण पाहुणा काचेचा असला तर काय करायचं, हे सासूनं शिकवलं नव्हतं. तिनं हळूच विचारलं, ह्याचं करायचं काय.

"करायचं काय न्हाय. सांभाळायचं," हिंमतराव म्हणाले. "अमानत हाय साहेबांची."

अमानत म्हटल्यावर बोलणं संपलं. बक्षीस असतं तर कुठंतरी कोपऱ्यात सारता आलं असतं. अमानतीला जागा द्यावी लागते, आणि जागा कोणती हे साहेबांनीच सांगून ठेवलं होतं. निरोपाच्या वेळी मोटारीत एक पाय ठेवून ते म्हणाले होते, "पाटील, ऊंची जगह पर रखना." आता उंच म्हणजे तिवईवर की चौथऱ्यावर, हे काही त्यांनी सांगितलं नाही, आणि सरकारी माणसानं जे सांगितलं नाही ते विचारायचं नसतं, एवढी अक्कल पाटीलकीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. गव्हाणवाडीत सगळ्यात उंच जागा एकच, पाटलांची माडी. झालं. तळं माडीवर जाणार.

माडीच्या बरोबर खाली सोपा होता. धुरपदाबाईचा जीव त्या सोप्यात. गावातलं विठोबाचं देऊळ इतकं लहान की पुजारी आत गेला म्हणजे देवाला अंग चोरून उभं राहावं लागे. श्रावणात पावसाची झड असायची, पारावर बसायची सोय नाही. म्हणून गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीचं काल्याचं कीर्तन पाटलांच्या सोप्यात व्हायचं. धुरपदाबाईच्या आजेसासूनं ते सुरू केलं, सासू द्वारकाबाईनं, म्हणजे तिच्या आत्याबाईंनी, चालवलं, आणि डोळे मिटायच्या आधी तिनं सुनेचा हात धरून दागिन्यांचं नाव काढलं नाही. काल्याच्या लाह्या कोणत्या कढईत भाजायच्या तेवढं सांगितलं. सोप्यातल्या मधल्या तुळईला लोखंडी कडी होती. तिला दह्याची हंडी टांगायची, बुवांनी कीर्तनाच्या शेवटी ती काठीनं फोडायची, आणि खाली सगळ्या गावच्या लेकरांनी तोंडं वर करून उभं राहायचं. लेकी सासरी गेल्यापासून धुरपदाबाई वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायची.

घर मराठवाड्यातल्या साऱ्या बऱ्या घरांसारखंच. जाड दगडी भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर तुराट्या आणि वर हातभर पांढरी माती चोपून केलेलं माळवद; माडीची जमीनही तीच. ह्या माळवदावर माणसं निजत, धान्य वाळत, लग्नाच्या पंगती उठत. पण पाण्यानं भरलेलं तळं त्यावर आजवर कुणी ठेवलं नव्हतं. तेव्हा सुताराला विचारायचं ठरलं.

बलभीम सुतारानं तुळई खालून ठोकून पाहिली, कान लावून पाहिली, वितीनं मोजून पाहिली. सगळं बघून तो म्हणाला, तुळई सागाची आहे, पोलादासारखी आहे, पण... हिंमतरावांनी त्याच्याकडं बघितलं. बलभीमाचं बलुतं पाटलांच्या खळ्यातूनच निघायचं. त्यानं तो 'पण' तसाच गिळला आणि वरून पाणी प्यायला.

राहिलेली शंका पंचाक्षरी पटवाऱ्यांनी फेडली. पंचाक्षरी पटवारी म्हणजे गावातलं लिहितं माणूस. फारशी येई, मोडी येई, नळदुर्गकडचे असल्यानं कानडीही येई. तिन्ही भाषांत ते एकसारखे ठाम बोलत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग; मासा म्हटलं की त्यांना शिसारी यायची. पण मासा साहेबांचा म्हटल्यावर त्यांनी नाकाला उपरणं लावून का होईना, विचार केला.

"आडात घागर सोडा," ते म्हणाले. "भरली तरी पाण्यात हाय तवर बोटानं हलती. काठाच्या वर आली की मग जड. मंजे वजन कशात हाय? पाणी पाण्याच्या भाईर येण्यात हाय. तळ्यातलं पाणी तळ्यातच राहणार. त्याला वजन यावं कुठून?"

जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. गावातल्या पुरुषांनी घागर आडात बुडताना पुष्कळदा पाहिली होती. वर ओढायला बायका होत्या. मग एकानं विचारलं, मासे धरून किती होईल. त्यावर पटवारी म्हणाले की मासा तरंगतो, आणि तरंगणारी वस्तू कधी कुणावर भार टाकत नाही. तेही सगळ्यांना पटलं. तरी हिंमतरावांनी कच्चं काम ठेवलं नाही. चावडीवरची झाडून सगळी माणसं माडीवर बोलावली, दाटीवाटीनं बसवली, चहा पाजला. माळवद हललंसुद्धा नाही. परीक्षा पास झाली. माणसं चहा पिऊन घरी गेली. तळं कुठं जाणार नव्हतं, एवढाच काय तो फरक.

पाणी भरायचं काम अर्थातच बायकांवर आलं. धुरपदाबाई, घरातली गडीण कडूबाई आणि शेजारच्या चार जणी आडावरून घागरी आणत होत्या आणि जिना चढत होत्या. सकाळी सुरू केलेलं काम उन्हं कलली तरी सरेना. शेवटी कडूबाई मधल्या पायरीवर टेकली.

"पाटलीणबाई, पटवारी मन्तेत पाण्याला वजनच न्हाय."

"मन्तेत खरं."

"मग माझी मान कशानं मोडली?"

धुरपदाबाई हसली, पण तिचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रत्येक घागर आपल्याच डोक्यावरून वर गेली होती. ती आता खाली आलेली नाही, सगळ्या मिळून वर बसल्या आहेत, एवढा हिशेब करायला तिला मोडी येण्याची गरज नव्हती. भरलेली बैलगाडी माडीवर उभी केली असती तर लोक वेड्यात काढून मोकळे झाले असते. आता तीच गाडी पाणी होऊन बसली होती, आणि लोक तिला नमस्कार करत होते.

कारण तळं दिसायला सुरेख होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं की मासे दिव्याच्या ज्योतींसारखे हलायचे. परंड्याहून, वाशीहून माणसं बघायला येऊ लागली. हिंमतराव प्रत्येकाला वर न्यायचे आणि साहेबांचं नाव घेताना आवाज खाली आणायचे. देवळात वर्षाला जेवढे भाविक येत नसतील तेवढे माशांना येऊ लागले. देवाची मात्र कुणी तक्रार ऐकली नाही; त्याला सवय असावी.

पहिली खूण पिठल्यात सापडली. हिंमतराव सोप्यात जेवायला बसले होते आणि वरून चिमूटभर पांढरी माती ताटात पडली. त्यांनी ती बोटानं बाजूला सारली आणि जेवण उरकलं. दुसऱ्या दिवशी भातात पडली. तिसऱ्या दिवशी फेट्यावर पडली. मग त्यांनी बलभीमाला बोलावलं आणि मधल्या तुळईखाली बाभळीचा एक टेकू ठोकून घेतला.

इथं खरी अडचण सुरू झाली. साहेबांची अमानत जड झाली असं म्हणायची सोय नव्हती. कुणी ते बिदरपर्यंत नेलं असतं तर पाटीलकी डळमळली असती. म्हणून टेकूला दुसरं कारण लागलं. पहिला टेकू कंदील टांगायला, असं ठरलं. पावसाळी ओल माळवदात उतरली, माती पुन्हा झडली, दुसरा टेकू आला. तो ताक घुसळायच्या रवीला. तिसरा पोथी वाचताना पाठ टेकायला. चौथ्याला बरेच दिवस कारणच सापडेना. शेवटी हिंमतरावांनी त्याच्यावर आपला कोट अडकवला. श्रावण उजाडला तेव्हा सोप्यात बाभळीचं बन उभं होतं. माणसं वाकून, वळून, अंग तिरकं करून चालायची. खुद्द पाटलांचं कपाळ दोनदा टेकूवर आपटलं. दोन्ही वेळा त्यांनी, जणू तेच करायचं होतं, असा फेटा नीट केला.

धुरपदाबाई सोप्यातच निजायची. निजल्यावर डोळे तुळईकडं जायचे. पूर्वी ती तुळई सुतासारखी सरळ होती. आता मधोमध तिला पोट सुटलं होतं, सातव्या महिन्यातल्या बाईला असतं तसं. ती पांडुरंगाचं नाव घ्यायची आणि कूस बदलायची. कूस बदलली तरी तुळई तिथंच. आणि काला आठवड्यावर आलेला. त्या पोटाखाली गावची सगळी लेकरं तोंडं वर करून उभी राहणार.

तशात साहेबांचा माणूस घोड्यावरून निरोप घेऊन आला. साहेब मुंबईला निघालेत. कुर्डुवाडीला आगगाडी धरायची आहे. जाता जाता माशांची ख्यालीखुशाली बघतील. कधी? नेमके काल्याच्या दिवशी, दुपारपर्यंत.

हिंमतरावांना आनंद झाला आणि घामही फुटला. त्यांनी बायकोला सांगून टाकलं की ह्या साली कीर्तन देवळात करा, नाहीतर करूच नका. साहेब माडीवर जाणार, त्यांच्या मागं चार माणसं जाणार, खाली टाळमृदंगाचा कल्लोळ बरा दिसत नाही.

"देवळात चार माणसं मावत न्हाईत," धुरपदाबाई म्हणाली.

"मग राहू द्या. एक साल न्हाय झालं तर काय हुतंय?"

ती म्हणाली, "काय हुतंय ते म्या कवा बगितलं न्हाय. आत्याबाईंनीबी बगितलं न्हाय." आणि तुळईकडं बघून पुढं म्हणाली, "कीर्तन इथंच हुईल. पर लेकरं ह्या पाण्याखाली मी उभी करायची न्हाय. साहेब येस्तवर तळं रिकामं करा."

रिकामं तळं साहेबांना दाखवायचं! हिंमतरावांनी असा चेहरा केला की जणू तिनं त्यांनाच रिकामं करायला सांगितलं. तळं भरलेलंच राहील, मासे वरच राहतील, तुळई सागाची आहे, असं तीन दमांत सांगून ते चावडीवर निघून गेले. धुरपदाबाईनं लाह्यांची कढई काढली. भाजता भाजता तिच्या हातून पहिल्यांदाच लाह्या करपल्या.

काल्याच्या दिवशी सकाळी भूमकडचे ज्ञानोबाबुवा आले. बुवांचा देह भरघोस, आवाज त्याहून भरघोस. एक तान घेतली की गोठ्यातली गुरं रवंथ थांबवायची. पुरणपोळीवर त्यांचं प्रेम होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. माणूस मात्र निर्मळ. कीर्तनाला उभे राहिले की समोर पाटील आहे की पारधी, हे त्यांना दिसायचंच नाही. वीणा सांभाळत ते सोप्यात शिरले आणि पहिल्या टेकूला अडले, दुसऱ्याला वळले, तिसऱ्याला पोट लागलं तसे थांबले.

"पाटील, सोप्यात रान कवा लावलं?"

हिंमतरावांनी कंदील, रवी, पोथी आणि कोट ही चारी कारणं ओळीनं सांगितली. बुवा ऐकून "बरं बरं" म्हणाले आणि गादीची जागा शोधू लागले. जागा काही सापडेना. टाळकरी एका टेकूमागं, मृदंगी दुसऱ्यामागं. एकमेकांची तोंडं दिसेनात. बाहेर रिमझिम लागलेली, माणसं दाराजवळच्या ढाळजेतून आत सरकू लागलेली, पोरं टेकूंभोवती शिवाशिवी खेळू लागलेली. एक पोरगं टेकूला धरून गरकन फिरलं आणि वरून माती भुरभुरली. धुरपदाबाईनं धावत जाऊन त्याला उचललं आणि अंगणात नेऊन सोडलं. ते परत आत आलं.

तेवढ्यात बलभीम हंडी टांगायला शिडी घेऊन आला. दरसाल त्याचाच मान. शिडीवर चढून तो कडीपर्यंत गेला, तुळईला हात लावला आणि हंडी न टांगताच खाली उतरला. पंचाक्षरी पटवाऱ्यांनी विचारलं, काय झालं. बलभीमानं हंडी जमिनीवर ठेवली आणि पाटलांचे पाय धरले.

"मालक, बलुतं देऊ नका ह्या साली. पर ह्या तुळईला हंडी टांगाय लावू नका."

जी तुळई गाडीभर पाणी पेलते असं गावानं चार महिने मान्य केलं होतं, तिच्यावर आता चार शेर दह्याचा भरवसा धरता येईना. पटवाऱ्यांनी तोडगा काढला की हंडी कुणीतरी उंच माणसानं हातात धरून उभं राहावं. त्यावर कुणी हसलंही नाही. हिंमतराव आधी बलभीमाकडं बघत होते, मग रस्त्याकडं, मग माडीच्या जिन्याकडं. हो म्हणावं तर साहेब. नाही म्हणावं तर समोर सगळं गाव. धुरपदाबाईला नवऱ्याचा राग होता, पण तो चेहरा बघून तिला कीवच आली. माणसाला खाली उतरायचं असतं आणि जिना सापडत नाही, तसं झालं होतं त्यांचं.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बुवा, एक इचारू का? तुमी नारदाच्या गादीवर उभं राहिल्यावर तुमच्या डोक्यावर कुणी बसल्यालं चालतं का?"

बुवांनी तिच्याकडं पाहिलं. मग वर पाहिलं. मग टेकूंच्या रानाकडं पाहिलं. भोळे होते, पण आयुष्य लोकांच्या माळवदाखाली काढलेलं होतं.

"न्हाय चालत," ते म्हणाले. "गादीच्या वर राजाबी बसत न्हाय. वर कोण हाय?"

"साहेबांचे मासे हाईत."

पंचाक्षरी पटवारी लगेच पुढं सरसावले. मासा हा काही परका नव्हे, ते म्हणाले. दशावतारांतला पहिला अवतारच मत्स्याचा. प्रत्यक्ष भगवंत डोक्यावर असले तर गादीचा मानच वाढतो. लिंगायताच्या तोंडून वैष्णवांचा दाखला आलेला ऐकून मंडळींना कौतुक वाटलं. हिंमतरावांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बुवा म्हणाले, "अवतार हाय? मग तर बोलायलाच नको. देवाला माळ्यावर ठिवून खाली कुणासाठी गायचं? समोर आणा, पाटावर बसवा. पहिला मान त्यांचा."

हिंमतरावांनी मान वर केली. त्यांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला, पण आलं तेव्हा पुरतं आलं. कुणी भार म्हटलं नव्हतं. कुणी अमानत उतरवली नव्हती. साहेबांच्या माशांना गावात पहिला मान मिळत होता, पाटलाच्याही आधी. असा मान साहेब कसा नाकारतील?

"आणा खाली," ते असं गरजले की जणू सकाळपासून तेच सांगत होते.

मासे पितळी घंगाळात उतरले. मग पाणी. बायका काल्याच्या तयारीत गुंतलेल्या, हात लावायला मोकळ्या नव्हत्या. धुरपदाबाईनं तशी व्यवस्थाच ठेवली होती. तेव्हा गावचे पुरुष माडीपासून अंगणापर्यंत रांगेनं उभे राहिले आणि घागरी हातोहात खाली येऊ लागल्या. पंचाक्षरी पटवारी जिन्याच्या वळणावर उभे होते. पहिली घागर त्यांच्या हातात आली तेव्हा ती त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. दहावी आली तोवर भस्माचे पट्टे घामानं पुसले गेले होते. कडूबाई जिन्याखालून लाह्या पाखडत मोठ्या भक्तिभावानं वर बघत होती.

तळं अर्धंअधिक उपसलं गेलं तेव्हा सोप्यात एक गंमत झाली. बुवा दम खायला कंदिलाच्या टेकूला टेकले आणि टेकू निघून त्यांच्या हातातच आला. बुवा दचकले. टेकू अलगद आला होता, वाफ्यातला मुळा यावा तसा. बलभीमानं दुसऱ्याला हात लावला. त्याची पाचर आपोआप खाली पडली. तुळई पोट आवरत होती. एकेक टेकू हलू लागला, ढिला झाला, निघू लागला. चार महिने जे कंदिलासाठी, रवीसाठी, पोथीसाठी उभे होते ते कशासाठी उभे होते, हे सगळ्या गावानं आता डोळ्यांनी पाहिलं. बोललं मात्र कुणीच नाही. पाटलांच्या घरची पुरणपोळी शिजत होती.

हिंमतरावांनी फक्त मान हलवली. माणसांनी टेकू बाहेर नेऊन भिंतीशी रचले. शेवटच्या टेकूवरचा कोट हिंमतरावांनी स्वतः काढून घेतला आणि अंगात घातला.

सोपा मोकळा झाला तेव्हा धुरपदाबाईला तो केवढा होता याचा विसर पडल्याचं कळलं. बलभीम पुन्हा शिडीवर चढला, कडीला लोंबकळून बघितलं आणि हंडी टांगली. बुवा गादीवर उभे राहिले. समोर पाटावर घंगाळ, घंगाळात साहेबांचे मासे, मागं पाटील, पाटलांच्या मागं गाव. "रामकृष्णहरी"चा गजर उठला आणि पाऊस ऐकू येईनासा झाला. कृष्णाच्या खोड्यांचं वर्णन करताना बुवांनी असा काही रंग भरला की म्हातारी माणसं लेकरांसारखी हसली. धुरपदाबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. डोळे भरून येत होते, पण आता ते वर जात नव्हते.

ऐन रंगात बाहेर मोटार फुरफुरली. जर्मनच्या लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून साहेबांनी मोटारीच्या पाठीला कोळशाच्या वायूची भट्टी बांधून घेतली होती; मोटार आली तीच धुराचा लोट घेऊन. हिंमतराव धडपडत उठले. पण साहेब दारात आले, आत पाहिलं, हातानंच त्यांना बसायची खूण केली, जोडे काढले आणि पोरांच्या मागं, जागा मिळाली तिथं, मांडी घालून बसले. हंडी फुटली तेव्हा दह्याचे चार थेंब त्यांच्या शेरवानीवरही उडाले. धुरपदाबाईनं सगळ्यांना दिला तसा त्यांच्या ओंजळीत काला दिला. त्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला.

मग साहेब घंगाळावर वाकले. माशांकडं बघितलं, हिंमतरावांकडं बघितलं. हिंमतरावांनी घडाघडा सांगायला सुरुवात केली: हुजूर, नारदाची गादी, पहिला मान, अवतार... साहेबांनी हात वर केला.

"ऊपर से उतार दिया? अच्छा किया, पाटील. हमारे बंगले का फर्श तो इसी ने बिठा दिया था. इंजीनियर बोला, या मछली रहेगी, या तालुकदार."

आणि साहेब खळखळून हसले. साहेब हसले म्हणून पटवारी हसले, पटवारी हसले म्हणून गाव हसलं. सगळ्यांच्या शेवटी हिंमतराव हसले, पण ते हसू तोंडापर्यंत यायला चार महिन्यांचा रस्ता चालून आलं असावं. मग त्यांनी अदबीनं विचारलं, हुजूर आता मोटार घेऊनच आलेत, तर अमानत परत द्यावी काय? साहेबांचं हसू तिथंच थांबलं. नाही नाही, दिलेली चीज परत घेत नाहीत, असं म्हणत त्यांनी घाईनं जोडे चढवले, आणि कुर्डुवाडीची गाडी चुकेल ह्या सबबीवर पाहता पाहता धुरात दिसेनासे झाले.

अंगणात पांगापांग झाली. हिंमतराव पंचाक्षरी पटवाऱ्यांजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून मोठ्या प्रेमानं म्हणाले की गावात पाटलाच्या खालोखाल मान पटवाऱ्याचा. तेव्हा ती काचेची पेटी तुमच्या माडीवर शोभेल, पाण्याला काही वजन नसतंच. पटवारी हात चोळत होते. आमचं माळवद जुनं आहे, घरात माशाचं सोवळंओवळं आहे, असं म्हणत ते बुवांच्या पंगतीत जाऊन बसले.

सोप्यात घंगाळ तेवढं उरलं होतं. धुरपदाबाईनं त्याची एक कडी धरली. आडाजवळच्या दगडी डोणीत मासे सोडावेत असं तिच्या मनात होतं. कडूबाईला हाक मारणार तेवढ्यात दुसरी कडी हिंमतरावांनी धरली. आजवर त्यांनी घरातली घागरही उचलली नव्हती. घंगाळ जमिनीवरून उठलं तसं त्यांच्या तोंडून आपसूक "विठ्ठल, विठ्ठल" निघालं.

"जपून," धुरपदाबाई म्हणाली. "उंबरा हाय म्होरं."